फ्यूज खिशात

उस्तादांच्या पॅन्टला उजव्या बाजूला एक जादा खिसा होता. चांगला जाड, दुहेरी शिवणीचा, वर बटण लावलेला. नवी पॅन्ट आली की आधी बायकोकडून हा खिसा शिवून घ्यायचा, मगच ती अंगावर चढवायची, असा त्यांचा शिरस्ता. नव्या माणसाला वाटायचं, तंबाखू ठेवत असतील. तंबाखू कसली! त्या खिशात फ्यूज असायचे.

उस्ताद वीज कंपनीत लाइनमन. वस्तीच्या तोंडाशी ट्रान्सफॉर्मर असतो, त्याच्या खालच्या पेटीत तीन फ्यूज असतात. ते उपसले की पुढची सगळी लाइन बंद. मग खांबावर चढायचं आणि काम करायचं. आता गोम अशी, की माणूस खांबावर असताना खाली कुणी दीडशहाणा येतो, पेटी उघडी बघतो, फ्यूज बाजूला ठेवलेले बघतो, आणि परोपकार म्हणून ते परत बसवतो. झालं, वरचा माणूस गेला. उस्ताद नोकरीला लागले त्याच वर्षी त्यांच्या डोळ्यांदेखत दुसऱ्या टोळीतला एक जण असा गेला होता. त्या दिवसापासून उपसलेला फ्यूज त्यांनी कधी पेटीत ठेवला नाही, कुणाच्या हातात दिला नाही. तो थेट खिशात. वर बटण.

"फ्यूज माझ्या खिशात, म्हणजे वीज माझ्या खिशात," असं ते खिशावर थाप मारून सांगायचे. एकतीस वर्षांत त्यांच्या टोळीतल्या एकालाही साधा झटकाही बसला नव्हता. हे ते स्वतःच सांगायचे, वारंवार सांगायचे, न विचारता सांगायचे. फुशारकी मारण्यात त्यांचा हात कुणी धरू शकलं नसतं. पण खोटं काही नव्हतं त्यात. ‘उस्ताद’ हे नाव टोळीनंच दिलं होतं, आणि इतकी वर्षं ते टिकलं ते काही उगाच नाही.

त्यांची एकुलती एक लेकही लाइनवरच कामाला लागली. हे मात्र त्यांना आधी पसंत नव्हतं. चांगली शिकलीस, बस एखाद्या टेबलाशी, असं त्यांनी परोपरीनं सांगून पाहिलं. लेक बापासारखीच हट्टी. प्रशिक्षण पुरं करून आली ती थेट त्यांच्याच टोळीत. पहिल्याच दिवशी ती खांबावर सरसर चढली आणि वर जाऊन कंबरेला पट्टा लावून असं काम करायला लागली, की उस्तादांचा विरोध तिथेच विरघळला. संध्याकाळी घरी जाऊन बायकोला म्हणाले, "पोरगी माझ्यावर गेलीय." बायको म्हणाली, "तीच तर काळजी आहे."

बापलेकीत खटका उडायचा तो एकाच गोष्टीवरून. लेक शिकून आली होती, की लाइनला हात लावायच्या आधी प्रत्येक खांबावर टेस्टर लावून बघायचं, मग अर्थिंगचा चिमटा तारेला अडकवायचा, म्हणजे चुकून वीज आलीच तर ती थेट जमिनीत जाईल, आणि मगच हात घालायचा. एका खांबावरून उतरून दुसऱ्यावर गेलं की पुन्हा पहिल्यापासून सगळं. उस्तादांना हा प्रकार म्हणजे नुसता वेळखाऊपणा वाटायचा.

"अगं, फ्यूज माझ्याकडे आहेत. वीज काय आभाळातून पडणार आहे का?"

"पडू शकते, बाबा. आता घराघरांवर पॅनल आहेत."

"ते आपोआप बंद होतात. मला शिकवू नकोस."

यात चूक त्यांचीही नव्हती. होतातच ते बंद. गेल्या तीन-चार वर्षांत वस्तीतली निम्मी घरं सोलरवाली झाली होती. दिवसा पॅनलची वीज घरात वापरायची, उरलेली लाइनवर सोडायची. पण लाइन मेली, की घरातलं यंत्र क्षणात ओळखतं आणि स्वतःलाही बंद करतं, म्हणजे खांबावरच्या माणसाला धोका नको. नियमच आहे तसा. नवीन पॅनल बसलं, की उस्ताद स्वतः जाऊन ते तपासायचे. कुणी काही कमीजास्त केलेलं दिसलं, तर त्या माणसाची अशी खरडपट्टी काढायचे, की त्यानं पुन्हा कधी वायरीला हात लावू नये.

आणि आता त्यांच्या स्वतःच्या घराचं ऐका.

लेकीच्या आग्रहाखातर त्यांनीही गच्चीवर पॅनल बसवले, सोबत बॅटरी घेतली. बसवणाऱ्यांनी सगळं नियमाप्रमाणे केलं. लाइन गेली तर बॅटरीवर फक्त दोन दिवे आणि एक पंखा चालेल, अशी वेगळी वायर टाकून दिली. उस्तादांना ते काही पटलं नाही. एवढी मोठी बॅटरी, आणि दोन दिवे? एका रविवारी पक्कड घेऊन बसले, आणि बॅटरीची वायर एक हिरवा स्विच मध्ये घालून सरळ घराच्या मुख्य बोर्डाला जोडून टाकली. आता लाइन गेली तरी सगळं घर चालू! लेक लग्न होऊन दोन गल्ल्या पलीकडे राहायची. तिला यातलं काही सांगायचं नाही, अशी बायकोला ताकीद दिली. "उगाच नियम ऐकवत बसेल."

बायकोला मात्र त्यांनी नीट पढवलं होतं. वीज गेली, की आधी मेन स्विच खाली, मग हिरवा वर. वीज आली, की आधी हिरवा खाली, मग मेन वर. बाई हुशार, कधी चुकली नाही. एकदा तिनं विचारलं होतं, "मेन आधी खाली का?"

"लाइनची वीज अचानक परत आली आणि बॅटरीच्या विजेला भिडली, तर आपलं यंत्र जळेल ना! म्हणून."

उत्तर बरोबर होतं, पण अर्धं. उरलेलं अर्धं त्यांच्या डोक्यातच आलं नाही, कारण एकतीस वर्षं त्यांनी वीज एकाच बाजूनं येताना पाहिली होती. ट्रान्सफॉर्मरकडून घराकडे. घराकडून खांबाकडे जाणारी वीज त्यांनी दुसऱ्यांच्या घरी तपासली, दुसऱ्यांना त्यावरून झापलं, पण आपल्याही घरातून ती बाहेर पडू शकते, हे काही त्यांच्या मनाला शिवलं नाही.

निवृत्तीला सहा आठवडे उरले होते, तेव्हा त्यांच्याच गल्लीचं काम निघालं. शेवटच्या खांबांवरच्या जुन्या उघड्या तारा काढून त्या जागी झाकलेली केबल ओढायची होती. सकाळी उस्तादांनी ट्रान्सफॉर्मरशी जाऊन तीन फ्यूज उपसले, खिशात टाकले, बटण लावलं. लेक चढली. टेस्टर लावला, लाइन मेलेली. चिमटा अडकवला. मग एकेका घराची वायर जुन्या तारेवरून सोडवायला लागली. ती वायर गुंडाळून खांबालाच टांगून ठेवायची, केबल आली की तिच्यावर जोडायची.

"आपलं घर शेवटी घे," उस्ताद खालून म्हणाले. "आधी लोकांचं, मग आपलं."

त्यांचं घर गल्लीच्या अगदी टोकाला. दुपारपर्यंत बाकी सगळ्या घरांच्या वायरी सुटल्या होत्या. जुन्या तारेवर आता जोडलेलं एकच घर उरलं होतं, उस्तादांचं.

जेवणाची सुट्टी झाली. उस्ताद म्हणाले, चल घरी, आई वाट बघतेय. लेक म्हणाली, "कामाच्या वेळी माहेर नको, बाबा. जेवण जड होतं आणि मग झोप येते." ती ड्रायव्हरबरोबर शिडीच्या गाडीच्या सावलीत डबा खायला बसली. उस्ताद एकटेच घरी गेले.

घरात पाऊल टाकतात तोच बायकोनं सुरू केलं. "अहो, मशीन कपड्यांसकट मध्येच बंद पडलंय. आत नुसतं साबणाचं पाणी. फ्रीज सकाळपासून बंद. आज तुम्हीच काम करताय म्हणून मी हिरव्या स्विचला हात लावला नाही. लावू का?"

"थांब, मीच करतो."

ते बोर्डापाशी गेले. सवयीनं हात आधी मेन स्विचकडे गेला, आणि थांबला. मेन खाली कशाला करायचा? लाइनची वीज परत येऊ नये म्हणून. ती येणार कुठून? फ्यूज तर आपल्या खिशात! उस्ताद स्वतःशीच हसले. मेन होता तसाच वर राहू दिला आणि हिरवा स्विच चढवला. मशीन घरघरलं, फ्रीज गुणगुणायला लागला. दोन घास खाऊन, वर पाणी पिऊन ते खुशीत बाहेर पडले.

वरच राहिलेल्या मेन स्विचमधून बॅटरीची वीज बाहेर पडली होती आणि घराच्या वायरीवरून खांबावरच्या जुन्या तारेत जाऊन बसली होती.

चारपर्यंत सगळ्यांची वीज परत देतो, असा शब्द उस्तादांनी गल्लीला दिला होता. तीन वाजत आले होते. आता जुन्या ताराच खांबांवरून सोडवायला लेक पुढच्या खांबावर चढली, पट्टा लावला. आधीच्या खांबावरचा अर्थिंगचा चिमटा तिनं जेवणाआधी उतरतानाच सोडवून कंबरेला अडकवला होता. तिनं पिशवीतून टेस्टर काढला.

उस्तादांचा पारा चढला. "अगं, पुन्हा टेस्टर? सकाळी लावलास ना! त्याच तारा, तीच लाइन. फ्यूज हे इथे आहेत." त्यांनी खिशावर थाप मारली. "राहू दे तो. हात घाल आणि सोडव."

"दोन मिनिटं, बाबा."

"दोन-दोन मिनिटं करत संध्याकाळ होईल! लोकांना शब्द दिलाय मी. एवढं एक ऐक माझं. मी खाली उभा आहे ना? घाल हात!"

लेकीचा हात क्षणभर अधांतरी राहिला. बाप आहे, उस्ताद आहे, एकतीस वर्षांचा अनुभव आहे. तिनं टेस्टर पुढे करून तारेजवळ नेला.

टेस्टर किंचाळला.

"बाबा," लेक वरून म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम बारीक झाला होता, "लाइन चालू आहे."

"काहीतरीच काय! बिघडला असेल तो."

तिनं टेस्टर स्वतःच तपासला, पुन्हा तारेजवळ नेला. पुन्हा तोच आवाज. उस्तादांनी खिशाचं बटण उघडून आत हात घातला. एक, दोन, तीन. तिन्ही फ्यूज जागेवर.

"खाली ये. आधी खाली ये तू!"

ती खाली आली. उस्तादांनी तिचे दोन्ही हात धरून उलटसुलट करून पाहिले, जणू ती शाळेत पडून घरी आलीय. मग भीतीचा झाला संताप, आणि संतापाला लागतो कुणीतरी माणूस. खांबासमोरच शिंपीकाकांचं घर, त्यांच्या गच्चीवर गल्लीतले सगळ्यात मोठे पॅनल. उस्ताद तरातरा गेले आणि फाटकातूनच गरजले.

"काका! काय करून ठेवलंय यंत्राचं? माझी पोर वर होती! जीव गेला असता तिचा! आज कनेक्शनच तोडतो तुमचं, बसा अंधारात!"

शिंपीकाका गळ्यात टेप अडकवूनच बाहेर आले. माणूस मुळात थंड. पूर्ण ऐकून घेतलं, मग बोट वर केलं. "उस्ताद, माझी वायर तुमच्या लेकीनं सकाळीच सोडवलीय. ती बघा, गुंडाळून टांगलीय. माझ्याकडून कशी येईल वीज?"

उस्तादांनी वर पाहिलं. खरंच टांगलेली होती. शेजारच्याची टांगलेली. त्याच्या पलीकडच्याची टांगलेली. उस्ताद, काका आणि मागून आलेली लेक, तिघांचीही नजर तारेवरून सरकत सरकत गल्लीच्या टोकाला गेली. तारेला चिकटलेली वायर एकच, आणि ती ज्या घरात शिरत होती, त्या घरातून, सगळी गल्ली बंद असताना, कपडे पिळणाऱ्या मशीनचा आवाज येत होता.

उस्ताद पळत सुटले.

घरात शिरून बोर्ड गाठला. हिरवा स्विच खाली, मेन खाली. मशीन गप्प झालं. बायको विचारत आली, "काय झालं हो?" ते बोर्डाखालीच भिंतीला टेकून जमिनीवर बसले.

थोड्या वेळानं लेक आली. बोर्ड बघितला, हिरवा स्विच बघितला, वायर कुठून कुठे गेलीय ते बघितलं. तिला एका नजरेत सगळं कळलं. ती ओरडेल, असं त्यांना वाटलं होतं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"मी तुला म्हणालो, हात घाल," उस्ताद म्हणाले.

"घातला नाही ना मी."

"पण मी म्हणालो."

ती त्यांच्या शेजारी बसली. बापाचा हात हातात घेतला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. मग उठली, त्यांनी जोडलेली ती वायर बोर्डातून कापून काढली, आणि खांबावर परत गेली. टेस्टर लावला, चिमटा लावला, काम केलं. चारला नाही, साडेपाचला वीज आली. गल्लीतलं कुणी तक्रार करायला आलं नाही.

संध्याकाळी ऑफिसात घटनेचा अहवाल भरायचा होता. लेकीनं तारीख लिहिली, खांबाचा नंबर लिहिला. ‘वीज कुठून आली’ या रकान्याशी तिचं पेन अडलं. तिनं बापाकडे पाहिलं नाही. ‘अज्ञात’ असं लिहिलं आणि कागद ट्रेमध्ये टाकला. उस्तादांनी ते वाचलं. सहा आठवड्यांनी त्यांचा निरोपसमारंभ होता, ‘एकतीस वर्षं, एकही अपघात नाही’ असं लिहिलेलं पितळी पदक तयार होतं म्हणे. ते गप्प बसले. घरी जाऊन जेवले, म्हणजे ताटावर बसले. बायकोला सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "मग आता काय करणार?" ते म्हणाले, "काय करायचं? निस्तरलंय लेकीनं." आणि स्वतःच्याच बोलण्याची त्यांना शिसारी आली.

सकाळी कामावर निघण्याआधी सगळ्या टोळ्यांची हजेरी होते, तशी झाली. तीस-पस्तीस माणसं. त्यात आठवड्यापूर्वी रुजू झालेली सात-आठ नवी पोरं-पोरी. साहेबांनी अहवाल हातात घेतला.

"अज्ञात म्हणजे काय? अशी वीज आपोआप येत नाही. त्या खांबासमोर एका शिंप्याचं घर आहे, मोठं सोलर आहे. त्याचाच उद्योग असणार. आजच्या आज त्याचं कनेक्शन कापा. उस्ताद, तुम्ही जा."

लेक उठायला लागली. काय सांगणार होती कोण जाणे, बहुतेक शिंपीकाकांची वायर सुटलेली होती एवढंच. पण तिच्या आधी उस्ताद उभे राहिले.

"शिंप्याचं नाही, साहेब. माझं घर."

सगळे त्यांच्याकडे वळले. कुणीतरी हसलं, त्याला वाटलं उस्तादांनी नेहमीसारखी काहीतरी गंमत केली. उस्ताद सांगायला लागले. हिरवा स्विच कसा बसवला, मेन कशासाठी खाली करायचा, तो काल का केला नाही, सगळं. बोलण्याचं त्यांना कधी वावडं नव्हतंच. सांगता सांगता जरा रंगही भरला, शिंपीकाकांना फाटकातून कसा दम दिला, तेही सांगितलं. माणसं हसली. उस्तादही हसले. सगळ्यात अवघड ते पार पडलं, असं वाटून त्यांना हायसं वाटलं.

साहेब हसले नाहीत. त्यांनी अहवालावर काहीतरी लिहिलं आणि विचारलं, "तेव्हा खांबावर कोण होतं?"

"माझी लेक."

"तिनं टेस्टर लावला म्हणून कळलं, असंच ना?"

"हो."

"बरं केलं. चांगलं शिकवलंत तिला."

एवढं बोलून साहेब कागद खाली ठेवत होते. उस्तादांना नुसतं बसायचं होतं. कुणी आणखी काही विचारणार नव्हतं. तिसऱ्या ओळीत लेक मान खाली घालून बसली होती. ती तर मेली तरी सांगणार नव्हती, हे त्यांना माहीत होतं. बसायला म्हणून त्यांनी खुर्चीचा हात धरला. आणि तसेच उभे राहिले.

"मी नाही शिकवलं, साहेब," ते म्हणाले. मागच्या ओळींनाही ऐकू जावं म्हणून पुन्हा म्हणाले. "मी नाही शिकवलं. ती टेस्टर काढत होती, आणि मी खालून ओरडत होतो, राहू दे तो, हात घाल. दोनदा म्हणालो. तिनं माझं ऐकलं असतं, तर आज..."

डोळे भरून आले, ते त्यांनी पुसले नाहीत. समोरच्या नव्या पोरांकडे बोट केलं, एकेकाकडे, आणि कसेबसे म्हणाले, "खालून कुणीही ओरडू दे. मी ओरडलो तरी. ऐकायचं नाही."

मग लेक आपल्या जागेवरून उठली, माणसांच्या रांगेतून वाट काढत पुढे आली, आणि बापाच्या शेजारी जाऊन उभी राहिली.